चालू विमानतळावरील बांधकाम : सुरक्षितता आणि वेळेचे गणित

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या ९ मे २०२४ रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत बंद ठेवण्यात आल्या होत्या. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी हे सहा तास राखून ठेवण्यात आले होते. पावसाळा संपल्यानंतर १७ ऑक्टोबर २०२४ रोजी याच वेळेत धावपट्ट्या पुन्हा बंद झाल्या. अशा बातम्या दरवर्षी येतात आणि प्रवाशांची गैरसोय याच एका अंगाने वाचल्या जातात. परंतु ११ नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या विमानतळावर एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली, त्या विमानतळाला सहा तास पूर्ण थांबवावे लागते, ही बाब अधिक विचार करण्याजोगी आहे.

देशातील विमानतळांची संख्या २०१४ मध्ये ७४ होती, ती २०२४ पर्यंत १५७ झाली, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. नव्या जागेवर नवा विमानतळ उभारणे खर्चाचे असले तरी त्यातील धोके सर्वसाधारण बांधकामासारखेच असतात. खरी कसोटी जुन्या, गजबजलेल्या विमानतळांवर लागते. तेथे धावपट्टीचे डांबर उखडायचे असते, टॅक्सीवे रुंद करायचे असतात, टर्मिनलचा एक भाग पाडून दुसरा उभारायचा असतो. आणि हे सर्व चालू असताना विमानेही उतरत व उडत राहावी लागतात. सुरक्षितता आणि वेळापत्रक यांचा संघर्ष अशा ठिकाणी रोज उभा राहतो.

तैपेईची रात्र

या संघर्षाचे सर्वात कठोर उदाहरण तैवानमध्ये घडले. ३१ ऑक्टोबर २००० रोजी रात्री सव्वाअकराच्या सुमारास सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७४७ जातीचे विमान तैपेईच्या तत्कालीन च्यांग काय-शेक विमानतळावरून लॉस एंजेलिसकडे निघाले होते. वादळ जवळ आलेले होते आणि मुसळधार पाऊस पडत होता. विमानाला '०५ डावी' ही धावपट्टी देण्यात आली होती. वैमानिकांनी मात्र तिला समांतर असलेल्या '०५ उजवी' या धावपट्टीवर विमान वळवले. त्या धावपट्टीच्या मधल्या भागात दुरुस्तीचे काम सुरू होते. वेग घेतलेले विमान काँक्रीटचे अडथळे आणि खोदाईची यंत्रे यांवर आदळले. विमानातील १७९ जणांपैकी ८३ जण मृत्युमुखी पडले.

धावपट्टीच्या त्या भागात काम सुरू असल्याची अधिकृत सूचना १३ सप्टेंबरपासूनच लागू होती आणि ती वैमानिकांच्या कागदपत्रांत होती. वैमानिकांना कामाची कल्पना होती. म्हणजे माहिती दिली गेली नव्हती असे झाले नाही. प्रत्यक्ष जमिनीवरचे दृश्य मात्र त्या माहितीशी जुळत नव्हते. बंद धावपट्टीच्या तोंडाशी ती बंद असल्याची खूण नव्हती, अडथळा नव्हता. टॅक्सीवेवरील हिरव्या दिव्यांची रांग विमानाला याच धावपट्टीकडे घेऊन जात होती. योग्य धावपट्टीकडे जाणाऱ्या दिव्यांपैकी एक बंद आणि एक मंद होता. जमिनीवरील हालचाली दाखवणारे रडार विमानतळावर नव्हते आणि पावसामुळे नियंत्रण मनोऱ्यातून विमान दिसत नव्हते.

तैवानच्या तपास यंत्रणेने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात वैमानिकांची चूक संभाव्य कारणांमध्ये नोंदवली आणि विमानतळावरील त्रुटी धोका वाढवणाऱ्या बाबींमध्ये घातल्या. सिंगापूरच्या तपासकांनी विमानतळाच्या त्रुटींवर अधिक भर दिला. हा वाद बाजूला ठेवला तरी एक मुद्दा उरतो. त्या धावपट्टीच्या मोकळ्या भागाचा वापर विमाने जमिनीवरून इकडून तिकडे नेण्यासाठी होत होता. त्यामुळे तिच्या तोंडाशी कायमचा अडथळा उभारणे सोयीचे नव्हते. धावपट्टी अर्धी बंद आणि अर्धी चालू अशी ठेवण्यात वाहतुकीची सोय होती आणि त्याच सोयीतून संदिग्धता निर्माण झाली.

त्याआधी बरोबर २१ वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी, मेक्सिको सिटी येथे वेस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे विमान धुक्यात दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर उतरले आणि तेथे उभ्या असलेल्या ट्रकवर आदळले. विमानातील ७२ आणि जमिनीवरील एक व्यक्ती मरण पावली. समांतर धावपट्ट्यांपैकी एक बंद ठेवून दुसरी चालवताना कोणता धोका असतो, याचा इशारा तेव्हाच मिळाला होता.

थोडक्यात टळलेला अपघात

प्रत्येक चूक अपघातातच संपते असे नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १६ जुलै २००३ रोजी धावपट्टीच्या दूरच्या टोकाला विमानांच्या टायरचे साचलेले रबर काढण्याचे काम चालू होते. त्यासाठी धावपट्टीची उपलब्ध लांबी कमी करण्यात आली होती. एका बोइंग ७३७ विमानाच्या वैमानिकांना ही सूचना मिळाली होती, परंतु तिचे गांभीर्य त्यांच्या लक्षात आले नाही. पूर्ण लांबी गृहीत धरून त्यांनी इंजिनांची शक्ती ठरवली. विमान हवेत उचलले गेले तेव्हा काम करणाऱ्या १४ फूट उंचीच्या वाहनावरून ते अवघ्या ५६ फुटांच्या अंतराने गेले. कोणालाही इजा झाली नाही. तरीही ब्रिटिश तपास यंत्रणेने या घटनेची सविस्तर चौकशी केली.

या तिन्ही घटनांमध्ये बंद जागेची सूचना काढण्यात आली होती. विमानतळावरील बदलांची माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचवणारी 'नोटॅम' ही पद्धत जगभर वापरली जाते. परंतु एका लांबच्या उड्डाणासाठी अशा सूचनांची पाने बरीच असतात आणि त्यांत महत्त्वाची व किरकोळ माहिती एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारीशेजारी येते. म्हणून नोटॅम काढणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी ठरते, शेवटची नव्हे. रात्री, पावसात, थकलेल्या वैमानिकाला समोरची पट्टी बंद आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या विमानतळविषयक नियमावलीत, म्हणजे चौदाव्या परिशिष्टात, बंद धावपट्टीवर पांढरी आणि बंद टॅक्सीवेवर पिवळी फुली रंगवण्याची, बंद भागाचे दिवे न लावण्याची आणि वापरास अयोग्य जागेभोवती खुणा व लाल दिवे ठेवण्याची तरतूद त्यासाठीच आहे.

एका रात्रीचे काम

धावपट्टीच्या नूतनीकरणाचे काम बहुधा तुकड्यातुकड्यांनी होते. शेवटचे विमान गेल्यावर धावपट्टी औपचारिकरीत्या बंद केली जाते. नियंत्रण मनोऱ्याची परवानगी मिळाल्यावरच यंत्रे आत येतात. जुना थर खरवडला जातो, तो भाग झाडून स्वच्छ केला जातो आणि सुमारे दीडशे अंश तापमानाचे डांबरमिश्रण अंथरून त्यावर रोलर फिरवला जातो. हे डांबर थंड होऊन घट्ट झाल्याशिवाय विमानाचे चाक त्यावर येऊ देता येत नाही.

सकाळी धावपट्टी खुली करताना जुन्या आणि नव्या थरांच्या सांध्यात पायरी राहता कामा नये. म्हणून तेथे तात्पुरता उतार करावा लागतो. नवा थर पाच सेंटिमीटरपर्यंत जाडीचा असल्यास हा उतार अर्धा ते एक टक्का आणि त्याहून जाड असल्यास अर्ध्या टक्क्यापर्यंत असावा, असे चौदावे परिशिष्ट सांगते. मध्यरेषा पुन्हा रंगवावी लागते. त्यानंतर विमानतळाचे अधिकारी संपूर्ण पट्टीची पाहणी करतात आणि मगच ती नियंत्रकांच्या ताब्यात परत दिली जाते.

या साखळीतील सर्वात नाजूक क्षण हा ताबा परत देण्याचा असतो. काम अपुरे राहिले, यंत्र बिघडले किंवा अचानक पाऊस आला, तरी पहाटेचे विमान मात्र ठरलेल्या वेळी आकाशात असते. म्हणूनच अनुभवी अभियंते कामाच्या वेळेचा शेवटचा भाग मोकळा ठेवतात आणि ठराविक तासानंतर नवा भाग खरवडायला घेत नाहीत. कागदावर वाया गेलेला दिसणारा हा तास प्रत्यक्षात धावपट्टीचा विमाच असतो.

पाहणीत सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते सुटे खडे, खिळे, तारांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांकडे. जेट इंजिन अशा वस्तू आत ओढून घेते. पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी काँकॉर्ड विमानाला झालेल्या अपघातात ११३ जणांचा मृत्यू झाला. त्या अपघाताची सुरुवात दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने झाली होती. तो तुकडा बांधकामाचा नव्हता. परंतु एवढीशी वस्तू काय करू शकते हे त्यातून जगाला कळले. जेथे दररोज शेकडो टन खडी आणि डांबर यांची ने-आण होते, तेथे ही भीती कितीतरी पटींनी वाढते.

जमिनीखालचा धोका वेगळाच असतो. धावपट्टीचे दिवे, दिशादर्शक यंत्रणा आणि टर्मिनलची वीज यांच्या वाहिन्या जुन्या विमानतळांवर एकमेकींवर पसरलेल्या असतात आणि त्यांचे नकाशे नेहमीच अचूक नसतात. अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावर ९ जानेवारी १९९५ रोजी बांधकामाचा खांब ठोकताना मुख्य वीजवाहिन्या तुटल्या. टर्मिनल अंधारात गेले आणि शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. उंच क्रेनचा प्रश्न याच्या उलट दिशेचा. विमानाच्या उतरण्याच्या मार्गात क्रेनचा हात किती उंच जाऊ शकतो, हे आधी ठरवून घ्यावे लागते. तिच्यावर लाल दिवा लावावा लागतो आणि दृश्यमानता घटली की तो हात खाली घ्यावा लागतो. भारतीय हवामानात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पावसाळ्यात उघड्या खड्ड्यांत पाणी साचते, पाण्यावर पक्षी येतात आणि पक्षी विमानाचे जुने वैरी आहेत.

भारतातील अनुभव

वेळ कोठून काढायचा, या प्रश्नाला भारतातील विमानतळांनी आपापल्या परिस्थितीनुसार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. कोची येथे २० नोव्हेंबर २०१९ ते २८ मार्च २०२० या काळात धावपट्टी सकाळी १० ते सायंकाळी ६ पर्यंत बंद ठेवण्यात आली. केरळमधून आखाती देशांकडे जाणारी बरीचशी विमाने रात्री व पहाटे असल्याने तेथे दिवसाचे तास मोकळे करणे शक्य झाले. अहमदाबाद येथे १७ जानेवारी २०२२ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत असेच काम झाले आणि ३१ मेच्या नियोजित मुदतीपूर्वी, एप्रिलमध्येच ते पूर्ण झाले.

पुण्याचे गणित निराळे होते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असून तेथे एकच धावपट्टी आहे. तेथे २६ ऑक्टोबर २०२० पासून सुमारे वर्षभर रात्री ८ ते सकाळी ८ पर्यंत धावपट्टी बंद ठेवण्यात आली आणि शेवटच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळावरील प्रवासी वाहतूक पूर्णपणे थांबवण्यात आली. सणासुदीच्या तोंडावर हा निर्णय प्रवाशांना जाचक वाटला. परंतु रात्रीच्या तुकड्यांत होऊ न शकणारे काम सलग पंधरवड्यात करणे अधिक सुरक्षित असते.

मुंबईची अडचण सर्वात मोठी आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि छेदाच्या जागी काम निघाले तर दोन्ही बंद होतात. त्या जागेच्या दुरुस्तीसाठी ७ फेब्रुवारी ते ३० मार्च २०१९ या काळात दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ पर्यंत दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुख्य धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी ती दिवसा आठ तास बंद ठेवून दुय्यम धावपट्टीवर वाहतूक वळवण्यात आली. उड्डाणे कमी झाली, तिकिटे महागली, तक्रारी झाल्या. मात्र वेळापत्रक आधीच आखून दिल्याने विमान कंपन्यांना फेऱ्या बदलता आल्या आणि काम करणाऱ्यांना निश्चित तास मिळाले.

चार धावपट्ट्या असलेल्या दिल्लीलाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे २०२५ मध्ये दिसले. धुक्यातही विमाने उतरवता यावीत यासाठी तेथील '१०/२८' ही धावपट्टी अद्ययावत करण्याकरिता ८ एप्रिल २०२५ रोजी बंद करण्यात आली. त्या काळात पूर्वेकडील वारे वाहू लागल्याने उरलेल्या धावपट्ट्यांची क्षमता घटली आणि विमाने तासन्‌तास खोळंबू लागली. अखेर मे महिन्याच्या सुरुवातीला धावपट्टी पुन्हा खुली करण्यात आली आणि १५ जूनपासून, रोजची शंभराहून अधिक उड्डाणे कमी करून, काम नव्याने हाती घेण्यात आले. काम थांबवून ते योग्य वेळी पुन्हा सुरू करण्याचा हा निर्णय नामुष्कीचा वाटू शकतो. परंतु अतिरिक्त गर्दीच्या स्थितीत नियंत्रकांवर आणि कामगारांवर ताण वाढवत राहण्यापेक्षा तो शहाणपणाचा होता.

टर्मिनलची बाजू

धावपट्टीवरील शिस्त टर्मिनलच्या शहराकडील बाजूस तितकीच कडक असते असे म्हणता येणार नाही. मुंबईचे दुसरे टर्मिनल हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्याच जागेवर, प्रवाशांची वाहतूक न थांबवता, टप्प्याटप्प्याने एक भाग उभारून दुसरा पाडत ते बांधण्यात आले. १० जानेवारी २०१४ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि १२ फेब्रुवारीपासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे तेथून सुरू झाली. त्या काळात प्रवाशांचे रस्ते, दरवाजे आणि वाहनतळ वारंवार बदलत होते. आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न अशा प्रत्येक बदलाबरोबर नव्याने सोडवावा लागतो.

दिल्लीच्या पहिल्या टर्मिनलबाहेरील छताचा भाग २८ जून २०२४ रोजी पहाटे मुसळधार पावसात कोसळला. खाली उभ्या असलेल्या मोटारी चिरडल्या गेल्या, एका टॅक्सीचालकाचा मृत्यू झाला आणि काही जण जखमी झाले. त्याच टर्मिनलच्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन त्या वर्षी १० मार्च रोजी झाले होते. कोसळलेला भाग मात्र २००९ मध्ये खुल्या झालेल्या जुन्या इमारतीचा होता, असे सरकारने स्पष्ट केले. आदल्या दिवशी जबलपूर येथे आणि दुसऱ्या दिवशी राजकोट येथेही छताचे भाग कोसळले. नव्याच्या उभारणीकडे सर्वांचे लक्ष असताना शेजारच्या जुन्या बांधकामाची तपासणी मागे पडू नये, एवढा बोध या घटनांतून घ्यावाच लागतो.

काम करणारे हात

विमानतळाच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा प्रवाशांपुरती राहते. रात्री धावपट्टीवर उतरणारा मजूर त्या चर्चेत क्वचितच येतो. तो बहुधा कंत्राटदाराच्या किंवा उपकंत्राटदाराच्या हाताखाली असतो आणि अनेकदा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा किंवा पश्चिम बंगालमधून आलेला असतो. विमानाच्या मागे उसळणाऱ्या हवेचा झोत माणसाला उडवून देऊ शकतो, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. नियंत्रकाशी बोलण्याची भाषा इंग्रजी असते, अभियंत्याची सूचना हिंदीत असते आणि मजुराची घरची भाषा तिसरीच असते. एखाद्या वाहनचालकाने 'थांबा' आणि 'रेषा ओलांडू नका' या दोन सूचनांत गोंधळ केला, तर त्याचे वाहन चालू टॅक्सीवेवर पोहोचू शकते.

म्हणूनच बाहेरचे वाहन विमानतळाच्या प्रशिक्षित वाहनाच्या मागोमाग नेण्याची, प्रत्येक तुकडीबरोबर रेडिओ बाळगणारा जबाबदार माणूस ठेवण्याची आणि कामगाराला त्याला कळणाऱ्या भाषेत प्रशिक्षण देण्याची पद्धत केवळ औपचारिकता मानता येत नाही. प्रशिक्षणाच्या नोंदवहीवर सही किंवा अंगठा घेतल्याने कागद पूर्ण होतो. कामगाराला कोणती रेषा ओलांडायची नाही हे जागेवर नेऊन दाखवले तरच प्रशिक्षण पूर्ण होते. पाळ्यांच्या तासांवरही लक्ष हवे. दिवसा विश्रांती न मिळालेला चालक पहाटे चार वाजता रोलर चालवत असेल, तर लाल दिव्यांच्या रांगेचाही फारसा उपयोग नसतो.

क्षमतेचा त्याग

या सर्व घटनांचा एकत्रित विचार केला, तर तांत्रिक ज्ञानाची उणीव ही मुख्य अडचण नसल्याचे दिसते. फुली कोठे रंगवावी, उतार किती ठेवावा, दिवे कोणते लावावेत, हे सर्व लिहिलेले आहे. अडचण येते ती वेळ आणि क्षमता सोडून देण्याच्या तयारीची. एक धावपट्टी पूर्ण बंद करण्याऐवजी अर्धी चालू ठेवण्याचा, आठ तासांचे काम सहा तासांत बसवण्याचा, उड्डाणे कमी न करताच दुरुस्ती उरकण्याचा मोह प्रत्येक गजबजलेल्या विमानतळाला होतो. तैपेईत अर्धवट बंद ठेवलेल्या धावपट्टीची किंमत ८३ जणांनी मोजली.

त्यामुळे काही गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक ठरते. धावपट्टी बंद ठेवण्याच्या तारखा काही महिने आधी जाहीर झाल्या पाहिजेत आणि त्या काळातील उड्डाणांची संख्या तिकीटविक्रीपूर्वीच कमी केली पाहिजे. कंत्राटात विलंबाबद्दलच्या दंडाइतकेच महत्त्व सुरक्षिततेसाठी काम थांबवण्याच्या अधिकाराला मिळाले पाहिजे. हवामान पाहून काम थांबवणाऱ्या पर्यवेक्षकाला शिक्षेची भीती वाटता कामा नये. बंद केलेल्या प्रत्येक जागेची पाहणी कार्यालयातील नकाशावरून न करता, रात्रीच्या वेळी, वैमानिकाच्या नजरेच्या उंचीवरून व्हायला हवी.

पर्यायी क्षमता उभी राहिली की हे सर्व सोपे होते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. या विमानतळाकडे केवळ वाढीव फेऱ्यांचे साधन म्हणून पाहिले जाण्याची शक्यता आहे. त्यातून मिळणारी थोडीशी मोकळीक जुन्या विमानतळाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवली, तर मुंबईतील धावपट्टीवर रात्री-अपरात्री काम करणाऱ्या माणसांना घाई न करता काम करता येईल. मे आणि ऑक्टोबरमधील ते सहा तास प्रवाशाला गैरसोयीचे वाटतात, हे खरे आहे. परंतु पुढील वर्षभर त्या पट्टीवर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचा भार त्याच सहा तासांत झालेल्या कामावर असतो.